अंगाप्रमाणें वस्त्र : संगणकावर कापड बेतण्याचा पहिला पाठ

दावीद गल्याथाशीं लढावयास निघाला, तेव्हां शौल राजानें आपलें चिलखत त्याच्या अंगावर चढविलें व आपला पितळी टोप त्याच्या डोक्यावर ठेविला, ही गोष्ट आमच्या वाचकांस ठाऊक आहे (१ शमुवेल १७:३८, ३९). त्या चिलखतांत कांहीं खोट नव्हती. तें राजाचें होतें, मोलाचें होतें, आणि देणाऱ्याचा हेतूही चांगला होता. तरी तें घालून दाविदास चालतां येईना. कारण तें दुसऱ्याच्या अंगाकरितां केलेलें होतें. शेवटीं त्यानें तें उतरून ठेविलें. आपल्या मंडळ्यांत किती मुली व किती म्हाताऱ्या बाया नाताळच्या दिवशीं शौलाचें चिलखत घालून उपासनेस येतात! कोणाचा झगा खांद्यावरून ओघळतो, कोणाचा परकर पुढून जमिनीवर लोळतो, कोणाचें पोलकें काखेंत दाटतें. आणि घालणारीस वाटतें कीं, आपलेंच अंग वांकडें आहे. अंग वांकडें नसतें. बेत चुकलेला असतो.

आज पुष्कळ घरांत शिवणयंत्र आहे, आणि पुष्कळ भगिनी त्याच्या बळावर संसारास हातभार लावीत आहेत. त्याशिवाय गांवच्या शाळेंत, सेवा केंद्रांत किंवा कॉलेजांत शिकणाऱ्या मुलापाशीं संगणकही आढळतो. व कापड बेतण्याचें सॉफ्टवेअर फुकट मिळूं लागलें आहे. ह्या साधनानें काय होतें व काय होत नाहीं, हें नवशिक्या बहिणीस कळावें म्हणून हा पाठ आम्ही लिहीत आहों. उदाहरण सहा कळ्यांच्या परकराचें घेतलें आहे. त्यांत रेघा थोड्या व बहुतेक सरळ आहेत. तथापि मोठ्या कपड्यास जे नियम लागतात, त्यांतले मुख्य नियम ह्या एका कळींत शिकतां येतात.

१. चित्र आणि नियम

प्रथम हें समजून घ्यावें कीं, संगणकावर कपड्याचा आराखडा दोन रीतींनीं काढतां येतो, आणि ह्या दोहोंत फार अंतर आहे. एका रीतीनें आपण चित्र काढितों : येथें एक रेघ, तेथें दुसरी, डोळ्यांस बरें दिसलें म्हणजे झालें. दुसऱ्या रीतीनें आपण नियम लिहितों : "ही रेघ कंबरेच्या सहाव्या हिश्श्याइतकी, आणि वर अर्धा इंच." चित्र एकाच अंगास होतें. नियम मात्र ज्या अंगाचें माप त्यांत घालावें, त्या अंगास होतो.

कोणी म्हणेल कीं, चित्र लहानमोठें करतां येतें, मग नियमाची गरज काय? ह्याचें उत्तर हिशेबानेंच द्यावें. ३० इंच कंबरेच्या बाईकरितां काढलेलें चित्र ३६ इंच कंबरेच्या बाईकरितां हवें आहे. नवशिकी बहीण सगळें चित्र शेंकडा २० नें वाढविते. कंबर बरोबर आली. परंतु ३८ इंचांची लांबी वाढून ४५.६ इंच झाली, आणि परकर साडेसात इंचांहून अधिक जमिनीवर लोळूं लागला. बाई अंगानें भरली म्हणून कांहीं ती उंच झाली नाहीं. देवानें शरीराचे अवयव एका प्रमाणांत ताणून सर्व माणसें घडविलीं नाहींत. म्हणून एका चित्रास ताणून सर्वांचीं वस्त्रेंही होत नाहींत.

कागदी नमुन्यांचा इतिहासही हेंच सांगतो. १८६३ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत एबेनेझर बटरिक नांवाच्या शिंप्यानें निरनिराळ्या मापांचे कागदी नमुने विकावयास काढिले. त्यापूर्वीं घरीं शिवणाऱ्या बाईस मिळणारे नमुने बहुधा एकाच मापाचे असत, आणि ते लहानमोठे करण्याचें काम तिच्यावरच पडे. बटरिकनें चढत्या मापांचे नमुने दिल्यानें लाखों घरांचें काम सोपें झालें. तरी छापील नमुना किती झाला तरी ठराविक क्रमांकांचा. आणि जिची कंबर एका क्रमांकाची व सीट दुसऱ्या क्रमांकाची, तिनें काय करावें? हा प्रश्न तसाच उरला. तो सोडविण्याचें साधन म्हणजे नियमानें चालणारें सॉफ्टवेअर होय.

२. साधनें

ह्या कामीं सीमली-टू-डी व व्हॅलेंटिना हीं दोन सॉफ्टवेअरें नवशिक्यांस उपयोगी आहेत. दोन्ही एकाच मुळापासून फुटलेल्या फांद्या असून त्यांची कामाची रीत जवळजवळ सारखी आहे. दोन्ही मुक्त आहेत, म्हणजे त्यांकरितां पैसे द्यावे लागत नाहींत आणि एकीनें घेतलेली प्रत दुसरीस देण्यांत अपराध नाहीं. हें आम्ही मुद्दाम सांगतों. महागडें सॉफ्टवेअर चोरून बसवून देणारे लोक पुष्कळ भेटतात. परंतु आठवी आज्ञा कापडास लागू आहे तशी ह्यासही लागू आहे. फुकट व प्रामाणिक साधन हातीं असतां चोरीचें घेण्यास सबब उरत नाहीं.

ह्या सॉफ्टवेअरांत जणूं दोन वह्या असतात. एक मापांची वही. तिच्यांत एका व्यक्तीचीं मापें नांवानिशीं लिहिलीं जातात. दुसरी बेताची वही. तिच्यांत बिंदु, रेघा व त्यांचीं सूत्रें असतात. बेताच्या वहींत "कंबर" हा शब्द आला कीं, संगणक मापांच्या वहींत पाहून तो आंकडा उचलतो. मापांची वही बदलली कीं बेत आपोआप बदलतो. ह्या दोन वह्या वेगळ्या ठेवण्यांतच सगळी विद्या आहे. पुढें जें कांहीं सांगणार आहों तें ह्याचाच विस्तार समजावा. सॉफ्टवेअरांतील नांवें बहुधा इंग्रजींत दिसतात. तेव्हां आरंभीं शाळेंत जाणाऱ्या मुलीस शेजारीं बसवून घ्यावें. तिला संगणक येतो, आईला शिवण येतें. दोघींनीं मिळून काम करावें.

३. मापें

परकरास अंगाचीं तीन मापें लागतात : कंबर, सीट व लांबी. कंबर म्हणजे जेथें नाडी बांधली जाते ती जागा. तेथें आधीं एक दोरा बांधावा व त्यावरूनच माप घ्यावें. सीटेचें माप सर्वांत भरलेल्या ठिकाणीं, फीत जमिनीशीं समांतर धरून घ्यावें. फीत आवळूं नये, ढिलीही सोडूं नये. एक बोट आंत सरकेल इतकी असावी. लांबी दोऱ्यापासून घोट्यापर्यंत, किंवा घालणारी सांगेल तेथपर्यंत घ्यावी. प्रत्येक माप दोनदां घ्यावें; दोहोंत अर्ध्या इंचाहून अधिक फरक आला तर तिसऱ्यांदा घ्यावें.

माप घेतांना खोटा आंकडा लिहूं नये. पुष्कळ बाया लाजेनें श्वास आंत ओढून उभ्या राहतात, आणि शिवणारीही त्यांस बरें वाटावें म्हणून आंकडा कमी लिहिते. खोट्या तराजूचा परमेश्वरास वीट येतो असें नीतिसूत्रांत शिकविलें आहे (११:१). खोट्या फितीचेंही तसेंच आहे. कमी लिहिलेल्या मापानें कोणाचें अंग कमी होत नाहीं, फक्त तिचें कापड वायां जातें. माप घेणारीनें अंगाविषयीं एक शब्दही टीकेचा बोलूं नये, आणि मापांची वही चारचौघींत उघडून दाखवूं नये. संगणकांतील वहीस नांवाऐवजीं खुणेचा आंकडा दिला तर अधिक चांगलें. एका बहिणीनें विश्वासानें आपल्या हातीं दिलेली ती ठेव आहे.

आमच्या उदाहरणांत कंबर ३० इंच, सीट ३८ इंच व लांबी ३८ इंच धरिली आहे. खालचा घेर हें अंगाचें माप नव्हे. तो शिवणारीनें ठरवावयाचा. तो ८४ इंच घेऊं, व त्याचें नांव बेताच्या वहींतील चलांच्या यादींत "घेर" असें लिहूं. नेफा दोन इंच रुंदीचा निराळा जोडावयाचा आहे. म्हणून कळीची लांबी परकराच्या लांबीहून दोन इंच कमी, म्हणजे ३६ इंच येईल.

४. कळी बेतणें

सॉफ्टवेअरांत "बिंदूपासून इतक्या अंतरावर व इतक्या कोनावर दुसरा बिंदु" असें एक साधन असतें. आपलें बहुतेक काम त्यानेंच होईल. कोन असे मोजतात : उजवीकडे ०, वर ९०, डावीकडे १८०, खालीं २७०.

पहिली पायरी. कागदाच्या वरच्या भागीं पहिला बिंदु "अ" ठेवावा. त्यापासून २७० अंशांवर, म्हणजे सरळ खालीं, "ब" बिंदु काढावा. अंतराच्या जागीं सूत्र लिहावें : लांबी − २. ही कळीची मधली रेघ झाली, आणि कापडाचा उभा धागा ह्याच रेघेवर यावयाचा आहे.

दुसरी पायरी. "अ" पासून डावीकडे "क" व उजवीकडे "ख" काढावा. सूत्र : (कंबर ÷ ६ + ०.५) ÷ २. आमच्या मापानें हें अंतर २.७५ इंच येतें. म्हणजे कळीची वरची रुंदी साडेपांच इंच, व सहा कळ्यांची मिळून ३३ इंच. कंबरेहून तीन इंच अधिक राहिले. ही अंगाची ढिलाई, जी नाडीनें आवळली जाईल.

तिसरी पायरी. "ब" पासून डावीकडे "ग" व उजवीकडे "घ". सूत्र : घेर ÷ १२. अंतर सात इंच, म्हणजे कळीची खालची रुंदी १४ इंच.

चौथी पायरी. "क" पासून "ग" पर्यंत व "ख" पासून "घ" पर्यंत रेघा ओढाव्या. आतां सॉफ्टवेअरला ह्या तिरप्या रेघेची लांबी विचारावी. ती ३६ इंच नसून सुमारें सव्वाछत्तीस इंच निघेल. कारण तिरपी वाट सरळ वाटेहून लांब. हें न सुधारतां शिवलें तर प्रत्येक जोडावर परकराची कड पाव इंच खालीं लोंबेल. म्हणून तिरप्या रेघेवर वरून "लांबी − २" इतक्या अंतरावर "च" व "छ" हे बिंदु घ्यावे, आणि च, ब, छ ह्यांतून हलक्या वळणाची रेघ न्यावी. कळीची खालची कड किंचित् गोल कां असते, हें कारण आतां ध्यानांत येईल.

पांचवी पायरी. क, ख, छ, ब, च हे बिंदु घड्याळाच्या कांट्याच्या दिशेनें क्रमानें निवडून सॉफ्टवेअरला सांगावें कीं, हा एक तुकडा आहे. मग शिवणीची माया विचारली जाईल. बाजूंस व वर अर्धा इंच, खालीं दुमडीकरितां एक इंच द्यावी. माया सॉफ्टवेअर स्वतः बाहेरून जोडतें. म्हणून मूळ सूत्रांत ती मिसळूं नये. माया एकदां आंत मिसळली कीं, अंग कोठें संपलें व माया कोठें सुरू झाली हें पुढें कोणास कळत नाहीं.

नेफ्याची पट्टी लांबीला सहा कळ्यांच्या वरच्या रुंदीइतकी, म्हणजे ३३ इंच, व दुहेरी दुमडावयाची म्हणून चार इंच रुंद. शिवाय सर्व बाजूंनीं अर्धा इंच माया.

ह्या पांच पायऱ्यांत एक मोह पदोपदीं होईल. सूत्र लिहिण्याचा कंटाळा येऊन हात आपोआप २.७५ असा आंकडा लिहील. तो दिसावयास बरोबर असेल आणि आजचा परकर बरोबर होईलही. परंतु ज्या क्षणीं आंकडा लिहिला त्या क्षणीं नियमाचें चित्र झालें. उद्यां दुसऱ्या बाईचें माप घातल्यावर इतर सर्व रेघा हलतील, ती एक रेघ मात्र हलणार नाहीं, आणि कळी वांकडी होईल. म्हणून अंगावरून येणारा प्रत्येक आंकडा सूत्रांतूनच यावा.

५. पडताळा

आपण कळी काढतांना सीटेचें माप कोठेंच वापरलें नाहीं, हें चाणाक्ष वाचकांच्या ध्यानांत आलें असेल. तें माप पडताळ्याकरितां राखून ठेविलें आहे. सीटेची सर्वांत भरलेली जागा नेफ्याच्या खालीं सहा इंचांवर धरूं. वरची रुंदी ५.५ इंच, खालची १४ इंच. छत्तीस इंचांत साडेआठ इंच वाढ, म्हणजे पहिल्या सहा इंचांत तिचा सहावा भाग, सुमारें १.४ इंच. तेथें कळीची रुंदी सुमारें ६.९ इंच झाली आणि सहा कळ्यांची साडेएकेचाळीस इंच. सीट ३८ इंच. साडेतीन इंचांची ढिलाई राहिली. उठतांबसतां ती पुरते. ही ढिलाई दोन इंचांच्या खालीं आली तर घेर वाढवावा.

वरचा घेर ३३ व सीट ३८, तेव्हां परकर अंगांत जाण्याकरितां एका जोडाचे वरचे सात इंच न शिवतां फट ठेवावी.

६. फेरफार

आतां ह्या सगळ्या खटाटोपाचें फळ पाहूं.

पहिला फेरफार. दुसरी बहीण आली. तिची कंबर ३६, सीट ४४, लांबी पहिलीइतकीच ३८. मापांची नवी वही करावी व बेतास जोडावी. कळीची वरची रुंदी आपोआप साडेसहा इंच होते, लांबी ३६ इंचच राहते. सहा इंचांखालीं रुंदी पावणेआठ, सहा कळ्यांची साडेसेहेचाळीस. ढिलाई अडीच इंच. परकर होईल. एकही रेघ पुन्हां काढावी लागली नाहीं, आणि परकर जमिनीवर लोळलाही नाहीं.

दुसरा फेरफार वाढत्या मुलीचा. हन्ना आपल्या शमुवेलाकरितां दरवर्षीं एक लहानसा झगा करून नेत असे (१ शमुवेल २:१९). मूल वाढत होतें. गेल्या वर्षीचा झगा ह्या वर्षीं पुरत नव्हता. ज्या आईस दरवर्षीं नवें कापड घेण्याची ऐपत नाहीं, तिनें यादींत "वाढ" नांवाचें निराळें चल करून त्यास दोन इंच द्यावे, आणि लांबीचें सूत्र असें लिहावें : लांबी − २ + वाढ. शिवतांना खालच्या कडेच्या वर एक इंच खोल चुणी घालावी. ती दोन इंच कापड पोटांत ठेविते. पुढल्या वर्षीं चुणी उसविली कीं परकर लांब झाला. मुलीची लांबी खोटी वाढवून लिहूं नये. अंगाचें माप तें माप, आणि आशेनें राखलेली माया ती माया. दोहोंचीं नांवें वेगळीं असावीं.

तिसरा फेरफार पाठीनें वांकलेल्या म्हाताऱ्या आईचा. अशा आईचा परकर पुढून लोळतो व मागून वर चढतो, आणि पायांत अडकून ती पडण्याचें भय असतें. दुकानांत तिच्या मापाचा परकर मिळत नाहीं. तिची लांबी दोन ठिकाणीं घ्यावी, पुढून व मागून. समजा नेफा वजा करून पुढची लांबी साडेचौतीस व मागची साडेसदतीस इंच आली; फरक तीन इंच. एक कळी पोटावर मध्यभागीं, एक पाठीमागें मध्यभागीं, आणि दोन्ही बाजूंस दोन दोन अशा कळ्या बसवाव्या. तेव्हां पुढून मागें जातांना एका बाजूस तीन जोड येतात. त्यांचीं सूत्रें अशीं : पहिला जोड = पुढची लांबी + फरक ÷ ६; दुसरा = पुढची लांबी + फरक ÷ २; तिसरा = पुढची लांबी + फरक × ५ ÷ ६. हिशेब केला तर ३५, ३६ व ३७ इंच येतात. पुढच्या कळीच्या दोन्ही बाजू ३५ इंच. तिच्या शेजारची कळी एका बाजूनें ३५, दुसरीनें ३६. तिच्या पुढची ३६ व ३७. मागच्या कळीच्या दोन्ही बाजू ३७. नियम एकच ध्यानांत ठेवावा : ज्या दोन कडा एकमेकींस शिवावयाच्या, त्यांची लांबी सारखी असली पाहिजे. बाजूच्या कळ्या डाव्या व उजव्या अशा जोडीनें लागतात. म्हणून त्या कापड दुहेरी घालून कापाव्या. हें हातानें कागदावर करावयास पुष्कळ वेळ लागतो. सूत्रें एकदां बसविलीं कीं मंडळींतील प्रत्येक वांकलेल्या आईकरितां तें दोन आंकड्यांचें काम होतें.

७. कागद, मांजरपाट, कापड

बेत छापावयाचा असला म्हणजे सॉफ्टवेअर त्याचे लहान लहान कागद पाडून देतें. ते चिकटवून पूर्ण नमुना होतो. छापतांना आकार शेंकडा १०० ठेवावा. पुष्कळ ठिकाणीं छापणारा "कागदांत बसवा" ही खूण तशीच ठेवितो आणि बेत आक्रसतो. म्हणून बेतांत चार इंच बाजूचा एक चौकोन काढून ठेवावा, व पहिला कागद येतांच तो पट्टीनें मोजावा. तो पावणेचार इंच भरला तर ३३ इंचांचा वरचा घेर ३१ च्या आंत व ३६ इंचांची कळी पावणेचौतीस होईल. छापण्याची सोय नसली तरी अडत नाहीं. कळीचे बिंदु इतके थोडे आहेत कीं, पडद्यावरचीं अंतरें वहींत उतरून जुन्या वर्तमानपत्रावर पट्टीनें ती काढतां येते.

त्यानंतर चांगल्या कापडास कात्री न लावतां आधीं मांजरपाटावर किंवा जुन्या चादरीवर कापून कच्चे टाके घालावे. कापड कोरें असेल तर पाण्यांत भिजवून वाळवून घ्यावें. जुन्या वस्त्रास कोऱ्या कापडाचें ठिगळ लावण्याविषयीं प्रभूनें जें सांगितलें (मत्तय ९:१६), त्यांतला व्यवहार शिवणाऱ्या बाया चांगला जाणतात : कोरें सुती कापड धुतल्यावर आटतें.

टीप घालतांना अर्ध्या इंचाची माया अर्ध्या इंचावरच शिवावी. पाव इंच आंत शिवल्यानें काय बिघडतें, असें वाटतें. एका कळीस दोन बाजू. दोन्हींकडे पाव पाव इंच गेला तर कळीमागें अर्धा इंच, आणि सहा कळ्यांत तीन इंच. म्हणजे मोठ्या काळजीनें ठेविलेली कंबरेची सगळी ढिलाई टिपेंतच संपली! लहान चूक एकदां झाली तर लहान असते. तीच पुन्हां पुन्हां झाली म्हणजे मोठी होते. हें शिवणींतच खरें आहे असें नाहीं.

८. संगणकास जें कळत नाहीं

सॉफ्टवेअर हिशेबांत चुकत नाहीं. परंतु कापड जाड आहे कीं सुळसुळीत, घालणारी शेतांत वांकून निंदणी करणार आहे कीं खुर्चीवर बसणार आहे, हें त्यास ठाऊक नाहीं. म्हणून कच्च्या टांक्यांचा परकर घालून तिला बसवावें, वांकवावें, पायरी चढवावी, आणि "कोठें ओढतें?" असें विचारावें. तिचें उत्तर हा शेवटचा पडताळा.

चूक दिसली कीं ती कात्रीनें तेथेंच सुधारून मोकळें होऊं नये. ती वहींत नोंदवावी. परंतु कोणत्या वहींत, हा विचार आधीं करावा. परकर ह्या एकाच बाईस आंखूड झाला असेल तर दोष मापाचा. तो मापांच्या वहींत सुधारावा. जिला जिला घालावा तिला सीटेवर दाटत असेल तर दोष नियमाचा. तो बेताच्या वहींत सुधारावा. पुष्कळ शिवणाऱ्या ह्याच ठिकाणीं चुकतात : स्वतःच्या नियमाचा दोष असतां तो बाईच्या अंगावर घालतात. मग एकीस सांगतात, "तुझी सीटच मोठी," दुसरीस सांगतात, "तुझी चालच वांकडी." नियम मात्र तसाच राहतो, आणि पुढल्या दहा जणींचें कापड बिघडवितो. गरीब बाईनें महिनाभर पैसा पैसा जमवून घेतलेल्या कापडावर एकदां कात्री चालली कीं तें पुन्हां जोडतां येत नाहीं. म्हणून हा विवेक लहान समजूं नये.

शब्बाथ मनुष्यासाठीं झाला, मनुष्य शब्बाथासाठीं नव्हे, असें आमच्या प्रभूनें शिकविलें (मार्क २:२७). नियम पवित्र असला तरी तो माणसाच्या हिताकरितां दिलेला असतो. मग कागदावरच्या नियमाची काय कथा! अंगास बेतांत कोंबूं नये; बेत अंगापुढें नमला पाहिजे.

यापो येथील दुर्कस मरण पावली, तेव्हां विधवा रडत पेत्राजवळ उभ्या राहिल्या आणि तिनें केलेलीं वस्त्रें त्यास दाखवूं लागल्या (प्रेषितांचीं कृत्यें ९:३९). तिनें किती वस्त्रें केलीं ह्याचा आंकडा पवित्र शास्त्रांत दिलेला नाहीं; परंतु ज्यांच्याकरितां तीं केलीं त्या बाया तेथें उभ्या होत्या. आमच्या भगिनींनीं सुई घ्यावी, संगणकही घ्यावा. पण ज्या बहिणीकरितां वस्त्र आहे तिच्याकडे आधीं पाहावें, मग पडद्याकडे.

अभ्यासाकरितां प्रश्न

१. ३२ इंच कंबरेचें चित्र शेंकडा २५ नें वाढविलें तर कंबर किती होईल? ३६ इंचांची लांबी किती होईल? ह्यावरून काय शिकावें?

२. मापांची वही व बेताची वही वेगळ्या कां ठेवाव्या?

३. कंबर ४२ इंच असेल तर आमच्या सूत्रानें कळीची वरची रुंदी किती येईल?

४. कळीची तिरपी बाजू मधल्या रेघेहून लांब कां असते? ती न सुधारल्यास काय होईल?

५. पुढची लांबी ३४ इंच व मागची ३७ इंच असेल तर बाजूचे तीन जोड किती किती इंचांचे होतील?

६. आपल्या घरीं किंवा मंडळींत असें कोण आहे कीं ज्यांस तयार कपडा होत नाहीं? त्यांचें माप घेण्यास ह्या आठवड्यांत कोण जाईल?